पोलीस कर्मचाऱ्याची सेवानोंद: काय द्यायचे, काय झाकायचे आणि नकार कसा लिहायचा

पोलीस अधीक्षक कार्यालयात एखाद्या हवालदाराची 'फाईल' मागितली, तर ती एका जागी सापडत नाही. आस्थापना शाखेत सेवापुस्तक असते. बक्षिसे आणि शिक्षा यांच्या नोंदींचा सेवापट वेगळा असतो. गोपनीय अहवाल (वरिष्ठांनी लिहिलेले कामगिरीचे मूल्यमापन) कुलूपबंद कपाटात, प्राथमिक आणि विभागीय चौकशीच्या नस्त्या (फायली) चौकशी लिपिकाकडे, पगाराचा तपशील सेवार्थ प्रणालीत, आणि रजेचे अर्ज व रुग्णनिवेदनाचे (आजारपणाच्या रजेचे) कागद पोलीस ठाण्यातल्या कारकुनाकडे. यातल्या काही गोष्टी कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायच्या असतात, काही मागितल्यावर विचार करून द्यायच्या असतात, आणि काही कोणी कितीही मागितल्या तरी द्यायच्या नसतात. सरसकट 'गोपनीय' लिहून माहिती अधिकाराचा अर्ज परत करणारा जन माहिती अधिकारी अपिलात अडकतो. आहे तशी झेरॉक्स काढून देणारा एखाद्याचा आजार किंवा घरचा पत्ता गावभर करतो. दोघांची चूक एकच असते: निर्णय नस्तीवर घेतलेला असतो, पानावर नाही.

हे टिपण प्रामुख्याने महाराष्ट्रातील आस्थापना लिपिक, जन माहिती अधिकारी आणि स्वतः पोलीस कर्मचारी यांच्यासाठी आहे. अर्जदारांच्या कामाचे थोडे शेवटी आहे.

कायदा नेमका कुठे उभा आहे

अमेरिकेतल्या काही राज्यांत पोलिसांच्या सेवानोंदींसाठी स्वतंत्र कलमे आहेत किंवा होती. न्यू यॉर्कमध्ये अशा नोंदी झाकणारे '५०-अ' हे कलम जून २०२० मध्ये रद्द झाले. कॅलिफोर्नियात त्या दंडसंहितेच्या कलम ८३२.७ खाली गोपनीय होत्या. २०१९ पासून गोळीबार, गंभीर बळाचा वापर अशा काही प्रकारांतल्या नोंदी तिथे खुल्या झाल्या. आपल्याकडे पोलिसांसाठी असे वेगळे दार नाही. शिपाई असो वा तलाठी, दोघांच्या नोंदीला माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधले कलम ८ सारखेच लागू होते.

त्यातला कळीचा खंड म्हणजे ८(१)(ञ). कार्यालयात त्याला 'आठ-एक-जे' म्हणतात आणि इथेच पहिली ठेच लागते. अधिनियमाच्या मराठी पाठात खंड क, ख, ग, घ, ङ, च, छ, ज, झ, ञ असे आहेत. इंग्रजीतला 'जे' म्हणजे मराठीतला 'ञ'. मराठीतला 'ज' हा तपासात अडथळा येईल अशा माहितीचा खंड आहे. वैयक्तिक माहिती नाकारताना घाईत '८(१)(ज)' लिहिले, की आदेशात एक कलम आणि कारण भलत्याच कलमाचे, अशी गत होते. अपिलात हा मुद्दा सहज पकडला जातो.

या खंडाचे जुने रूप असे होते: सार्वजनिक कामकाजाशी किंवा हिताशी संबंध नसलेली, अथवा खाजगीपणावर विनाकारण आघात करणारी वैयक्तिक माहिती देऊ नये, मात्र व्यापक जनहित असल्यास द्यावी. जी माहिती संसदेला किंवा विधानमंडळाला नाकारता येत नाही ती कोणालाच नाकारता येणार नाही, असे एक परंतुकही त्याला जोडलेले होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने हे सगळे काढून 'वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती' एवढेच ठेवले, आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आहे. त्याच अधिनियमातली डेटा सांभाळण्याची मुख्य बंधने मात्र नियम प्रसिद्ध झाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत.

म्हणजे आता नाकारणे सोपे झाले का? कागदावर हो. पण तीन गोष्टी जागच्या जागी आहेत आणि नव्या बदलाच्या उत्साहात त्या विसरल्या जातात. कलम ८(२) कायम आहे: संरक्षित हितसंबंधांना होणाऱ्या हानीपेक्षा जनहित मोठे असेल, तर माहिती देता येते. कलम ४(१)(ख) कायम आहे: अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका आणि मासिक वेतन कार्यालयाने स्वतःच प्रसिद्ध करायचे आहे. कलम १० कायम आहे: नाकारायचा भाग वेगळा काढून उरलेला द्यायचा.

न्यायालयांचे निकाल वाचताना ते कोणत्या शब्दरचनेवर आले आहेत, तेही पाहावे लागते. गिरीश देशपांडे प्रकरणात (३ ऑक्टोबर २०१२) भविष्य निर्वाह निधी कार्यालयातील एका अंमलबजावणी अधिकाऱ्याची ज्ञापने, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे आदेश, मालमत्ता आणि आयकर विवरणपत्रे मागितली होती. नोकरीतली कामगिरी हा मुख्यतः कर्मचारी आणि नियोक्ता यांच्यातला विषय आहे आणि व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ही माहिती देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. १३ नोव्हेंबर २०१९ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सुभाषचंद्र अगरवाल प्रकरणात शैक्षणिक पात्रता, कामगिरी, मूल्यमापन अहवाल, शिस्तभंगाची कारवाई, वैद्यकीय नोंदी, मालमत्ता हे सारे वैयक्तिक माहितीत धरले, पण जनहिताची कसोटी प्रत्येक प्रकरणात लावायला सांगितली. दुसऱ्या बाजूने, नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुणे जिल्हा न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिक भरतीबाबत, सार्वजनिक भरतीतल्या इतर उमेदवारांचे गुण उघड करता येतात असे ठरवले. हे तिन्ही निकाल जुन्या शब्दरचनेवरचे आहेत. आदेशात त्यांचा आधार घ्यायचा, तर हे लक्षात ठेवूनच.

पहिली पायरी: कागद वेगळे करा

अर्ज आला की मागितलेली माहिती मुद्द्यांप्रमाणे लिहा आणि प्रत्येक मुद्द्यासमोर तो कागद कोणत्या नस्तीत, कितव्या पानावर आहे ते पेन्सिलने टिपा. मग पान पाहून ठरवा.

उघड असलेले आधी बाजूला काढावे: नाव, हुद्दा, नेमणुकीचे ठिकाण, वेतनश्रेणी, मासिक वेतन, नियुक्ती आणि पदोन्नतीचे आदेश. यासाठी त्रयस्थ पक्षाला, म्हणजे ज्याची माहिती मागितली त्या कर्मचाऱ्याला, नोटीस देण्याचा खटाटोप लागत नाही. मात्र आदेश उघड असला तरी त्यातला प्रत्येक रकाना उघड नसतो. बदली आदेशात 'विनंतीवरून' एवढे पुरते. 'पत्नीच्या कर्करोगाच्या उपचारासाठी' हा मजकूर मुळात त्यात नसावा, आणि असला तर प्रतीत झाकावा. पगाराचेही तसेच. एकूण वेतन प्रसिद्ध करायचे असते, पण सोसायटीचा हप्ता, विम्याची कपात, न्यायालयाने लावलेली जप्ती आणि निव्वळ हाती पडणारी रक्कम हा त्या माणसाचा घरखर्च आहे.

दुसरा गठ्ठा कायम झाकण्याच्या तपशिलांचा: घरचा पत्ता, वैयक्तिक मोबाइल, आधार, पॅन, बँक खाते, भविष्य निर्वाह निधी क्रमांक, नामनिर्देशन, कुटुंबीयांची नावे, मुलांची शाळा. पोलिसाच्या बाबतीत पत्ता आणि नेहमीचा मार्ग हा केवळ खाजगीपणाचा प्रश्न राहत नाही. ज्याने कोणाला आत टाकले आहे, त्याचे घर कुठे हे कळणे जीविताशी जोडलेले आहे. तिथे ८(१)(छ) हा खंडही लागू होऊ शकतो. चौकशीत जबाब देणारा साक्षीदार आणि माहिती पुरवणारा खबरी यांची ओळखही त्याच खंडात येते.

तिसरा गठ्ठा असा, की जिथे माहिती अधिकारापलीकडचे कायदे बोलतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचे कलम १६ तक्रारदार, प्रतिवादी, साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीचा मजकूर उघड करायला मनाई करते, आणि ते माहितीच्या अधिकाराला न जुमानता करते. महिला शिपायाने वरिष्ठाविरुद्ध दिलेल्या तक्रारीची नस्ती चुकून 'विभागीय चौकशी' म्हणून झेरॉक्सला गेली, तर चूक जन माहिती अधिकाऱ्याच्या अंगावर येते. एचआयव्हीबाबतची माहिती २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, आणि मानसिक उपचारांची माहिती त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने संरक्षित आहे. हे कागद मूळ नस्तीतच वेगळ्या मोहोरबंद लिफाफ्यात ठेवा. वेळ येईल तेव्हा शोधाशोध करताना नजरचुकीला वाव राहत नाही.

उरलेला चौथा गठ्ठा खरा कठीण: कसुरी (कर्तव्यातल्या चुकीचा) अहवाल, कारणे दाखवा नोटीस, प्राथमिक चौकशीचा निष्कर्ष, मुंबई पोलीस (शिक्षा व अपील) नियम, १९५६ खालचा शिक्षेचा आदेश, गोपनीय अहवाल. इथे जनहिताचा तोल पाहावा लागतो. बंदोबस्ताला अर्धा तास उशिरा आल्याबद्दल दिलेली सक्त ताकीद आणि कोठडीतल्या मृत्यूनंतर झालेली बडतर्फी, दोन्ही 'शिक्षेचे आदेश' आहेत, पण तराजूच्या दोन टोकांना आहेत. पहिल्यात जनतेचे काही अडत नाही. दुसऱ्यात सरकारी अधिकाराचा वापर नागरिकाच्या शरीरावर कसा झाला हा प्रश्न आहे, आणि तिथे नुसते 'वैयक्तिक' म्हणून भागवणे अवघड जाते.

जुन्या प्रकरणांत एक खाच आहे. अर्जाच्या तारखेच्या २० वर्षांपूर्वी घडलेल्या घटनेबाबत, कलम ८(३) प्रमाणे, क, ग आणि झ हे खंड सोडून बाकीचे अपवाद चालत नाहीत. 'ञ' त्या सोडलेल्यांत नाही. म्हणजे नस्ती अभिलेख कक्षात शिल्लक असेल, तर वीस वर्षांपूर्वीच्या शिक्षेचा आदेश केवळ वैयक्तिक म्हणून नाकारता येत नाही. नस्ती शिल्लक आहे का, हे मात्र अ, ब, क, क-१, ड वर्गवारीतल्या जतनकाळावर आणि नष्ट केलेल्या अभिलेखांच्या नोंदवहीवर ठरते. नोंदवहीत नोंद नसताना 'अभिलेख नष्ट' असे लिहू नये.

दुसरी पायरी: दिवस मोजा

साध्या अर्जाला ३० दिवस. जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर पाच दिवसांत वर्ग करायचा. त्रयस्थ पक्षाचा संबंध आला की घड्याळ बदलते: अर्ज मिळाल्यापासून पाच दिवसांत कलम ११ ची नोटीस, नोटीस मिळाल्यापासून दहा दिवसांत त्याचे म्हणणे, आणि अर्ज मिळाल्यापासून ४० दिवसांच्या आत निर्णय. उदाहरणार्थ, १ जूनला अर्ज आवक झाला तर ६ जूनपर्यंत नोटीस जावी, ती ९ जूनला मिळाली तर १९ जूनपर्यंत म्हणणे यावे, आणि निर्णय ११ जुलैच्या पलीकडे जाऊ नये. उशीर झाला तर कलम २० खाली दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये, तेही स्वतःच्या खिशातून. पाच दिवस बारनिशीतच (टपालाच्या आवक नोंदीतच) गेले ही सबब राज्य माहिती आयोगापुढे टिकत नाही. म्हणून पोलीस कर्मचाऱ्याच्या नावाचा अर्ज आला की टपालातूनच तो वेगळा काढायची सवय लावावी.

तिसरी पायरी: कलम ११ ची नोटीस

या नोटिशीबाबत दोन गैरसमज पक्के बसलेले आहेत. पहिला असा, की प्रत्येक अर्जावर ती पाठवावीच लागते. कलम ११ वाचले तर दिसते की माहिती *देण्याचा विचार असेल* तेव्हाच नोटीस लागते. जे मुळातच देता येणार नाही, उदाहरणार्थ बँक खाते, त्यासाठी नोटीस काढणे म्हणजे वेळ आणि कागद वाया. दुसरा गैरसमज असा, की कर्मचाऱ्याने 'माझी हरकत आहे' लिहिले की विषय संपला. हरकत हा नकाराधिकार नाही. ती विचारात घ्यायची असते. 'त्रयस्थ पक्षाची संमती नसल्याने माहिती नाकारण्यात येत आहे' हे वाक्य आदेशात एकटे उभे असेल, तर तो आदेश पहिल्या अपिलातच डळमळतो.

नोटीस काढताना ती सध्याच्या नेमणुकीच्या ठिकाणी, घटकप्रमुखामार्फत आणि पोच घेऊन द्यावी. हवालदाराची बदली होऊन वर्ष झाले तरी नोटीस जुन्या ठाण्यावर जाते, तिथे पडून राहते आणि चाळीस दिवस निघून जातात, हे नेहमीचे. निवृत्ताला ती घरच्या पत्त्यावर पोच देय डाकेने पाठवावी. नोटिशीत मागितलेल्या माहितीचे वर्णन द्यावे. अर्जाची संपूर्ण छायाप्रत जोडू नये. अर्जदाराचा पत्ता आणि फोन ज्याच्याविरुद्ध त्याने माहिती मागितली त्या पोलिसाच्या हाती देण्याची कलम ११ ला काहीच गरज नाही, आणि पुढे काही बरेवाईट झाले तर तो कागद कोणी पुरवला हे शोधले जाते.

निर्णय झाल्यावर तो अर्जदाराबरोबर त्रयस्थ पक्षालाही कळवायचा असतो. त्यालाही ३० दिवसांत अपिलाचा हक्क आहे. त्याने लेखी हरकत घेतलेली असताना निर्णय उलट गेला, तर त्याचा अपिलाचा अवधी ध्यानात न घेता त्याच दिवशी प्रती हातावर ठेवणे शहाणपणाचे नाही. एकदा गेलेला कागद अपील जिंकून परत येत नाही.

चौथी पायरी: झाकायचे कसे

इथे हलगर्जीपणा सर्वात जास्त होतो, म्हणून थोडे सविस्तर.

मूळ कागदावर कधीही खाडाखोड करू नये, पांढरी शाई लावू नये. आधी पानांना क्रमांक द्या, मग एक कार्यप्रत काढा. त्या कार्यप्रतीवर काळ्या मार्करने ओळी झाका आणि *त्या झाकलेल्या प्रतीची पुन्हा छायाप्रत* काढून तीच द्या. मार्कर मारलेला कागद उजेडासमोर धरला तर खालचा टंकलिखित मजकूर बऱ्याचदा वाचता येतो; दुसऱ्या छायाप्रतीत तो राहत नाही. मागच्या बाजूचे पाहायला विसरू नका. सेवापुस्तकात नामनिर्देशनाचा कागद पाठीमागे चिकटवलेला असतो आणि दोन्ही बाजूंनी छापणाऱ्या यंत्रावर तो आपसूक बाहेर येतो.

संगणकावर काम असेल तर धोका वेगळा. पीडीएफवर काळा चौकोन काढला, की खालचा मजकूर तसाच शिल्लक असतो. निवडून दुसरीकडे चिकटवला की सगळे उघडे. त्यामुळे झाकलेली प्रत छापा आणि छापील पान पुन्हा स्कॅन करून पाठवा. एक्सेलमध्ये रकाने लपवून यादी पाठवणे तर त्याहून वाईट, कारण दोन क्लिकमध्ये लपवलेले रकाने परत येतात. नको असलेले रकाने पुसून टाकलेली नवी फाईल तयार करावी.

झाकलेल्या प्रत्येक जागेजवळ समासात खंड लिहावा: 'ञ', 'छ'. अर्जदाराला नेमके काय आणि का झाकले हे कळते, आणि सहा महिन्यांनी सुनावणीला जाणाऱ्या नव्या अधिकाऱ्यालाही. दिलेल्या प्रतींचा एक पूर्ण संच अर्जाच्या नस्तीत ठेवा. 'काय दिले होते?' या प्रश्नाला आयोगापुढे उत्तर नसणे ही फार ओशाळवाणी अवस्था असते. छायाप्रतीचे पानामागे २ रुपये आकारताना झाकून पूर्ण कोरी झालेली पाने मोजू नयेत.

पाचवी पायरी: आदेश लिहिणे

नकाराच्या आदेशात कलम ७(८) प्रमाणे तीन गोष्टी हव्यातच: कारणे, अपिलाची मुदत, आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील. भाग देऊन भाग नाकारला असेल तर कलम १०(२) प्रमाणे निर्णय घेणाऱ्याचे नाव-हुद्दा आणि फेरविचाराचा मार्गही. कारण म्हणजे कलमाचा क्रमांक नव्हे. मजकूर साधारण असा असावा:

'मुद्दा क्र. २ मधील शिक्षेच्या आदेशाची प्रत त्रयस्थ पक्षाच्या सेवाविषयक वैयक्तिक माहितीशी संबंधित आहे. त्यांना दि. … रोजी कलम ११(१) अन्वये नोटीस दिली असून त्यांचे म्हणणे दि. … रोजी प्राप्त झाले. शिक्षा कर्तव्यावरील उशिराबाबत असून तिचा कोणत्याही नागरिकाच्या तक्रारीशी अथवा गुन्ह्याच्या तपासाशी संबंध नाही. अर्जदाराने जनहिताचे कारण नमूद केलेले नाही व अभिलेखावरूनही ते दिसून येत नाही. सबब कलम ८(१)(ञ) अन्वये नाकारण्यात येत आहे. कलम ८(२) चाही विचार करण्यात आला. मुद्दा क्र. १ व ३ ची माहिती पृष्ठ १ ते ४ प्रमाणे सोबत जोडली आहे.'

यातले तिसरे आणि चौथे वाक्य आदेशाचा कणा आहे. अर्जदाराला माहिती कशासाठी हवी हे विचारता येत नाही (कलम ६(२)), म्हणून 'कारण दिले नाही' एवढ्यावर न थांबता अभिलेखही पाहिल्याचे दिसले पाहिजे. आणि एक बारकावा: कलम ८(२) मध्ये माहिती देण्याची मुभा 'सार्वजनिक प्राधिकरणा'ला आहे. जनहित मोठे वाटत असेल तर जन माहिती अधिकाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर कागद सोडण्याऐवजी पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांपुढे टिपणी ठेवून मान्यता घ्यावी. टिपणी मुदतीत फिरेल एवढी आधी ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

न्यायालयाचा समन्स आला तर

माहिती अधिकार आणि न्यायालयाचा समन्स यांचे नियम वेगळे आहेत. न्यायालयाला 'आठ-एक-जे' कळवून चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली दस्तऐवज मागवता येतो. विशेषाधिकार सांगायचा असेल तर भारतीय साक्ष अधिनियमाची कलमे १२९ आणि १३० आहेत, पण कलम १६५ प्रमाणे कागद घेऊन न्यायालयात जावेच लागते. हरकत योग्य की नाही हे न्यायालय ठरवते. मागितलेलाच कागद, मोहोरबंद लिफाफ्यात, पानांच्या यादीसह, जबाबदार लिपिकाच्या हाती पाठवावा आणि पोच घ्यावी. सेवापुस्तकातले एक पान मागितले असता संपूर्ण सेवापुस्तक वकिलांच्या टेबलावर फिरू देऊ नये.

पोटगीच्या वादात पतीच्या पगाराची माहिती मिळावी म्हणून माहिती अधिकाराचे अर्ज खूप येतात. त्या अर्जदार महिलेला खरे तर जवळची वाट सांगावी: ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते. त्यात कपातींसह सगळे येते, जे माहिती अधिकारात कदाचित अर्धेच मिळेल.

खरी गळती कुठून होते

माहिती अधिकाराच्या अर्जावर एवढी डोकेफोड होते, आणि त्याच वेळी कागद मागच्या दाराने जात असतात. बदल्यांची विनंती यादी कारणांच्या रकान्यासह व्हॉट्सॲप गटावर पडते. शिक्षेच्या आदेशाच्या प्रतिलिपी जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांना माहितीसाठी जातात, जेव्हा त्या संबंधित कर्मचारी, त्याचा घटकप्रमुख, वेतन शाखा आणि सेवापट लिपिक एवढ्यांना पुरेशा असतात. बंदोबस्ताच्या यादीत नाव, बक्कल नंबर आणि नेमणुकीचा पॉइंट लागतो; जन्मतारीख आणि घरचा पत्ता लागत नाही, तरी जुना नमुना कोणी बदलत नाही.

रुग्णनिवेदनाचे तर विचारूच नका. ठाणे दैनंदिनीत 'रुग्णनिवेदन रजेवर' एवढी नोंद पुरते. आजाराचे नाव, मानसोपचारतज्ज्ञाचे प्रमाणपत्र, औषधांची देयके हे सगळे वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या नस्तीत बंद राहायला हवे. सहकाऱ्याला 'डोक्याच्या गोळ्या' चालू आहेत हे ठाण्यात पसरते, आणि पुढचा शिपाई उपचारालाच जात नाही.

कार्यालयातले यंत्र बंद म्हणून गोपनीय नस्ती बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाणे, फाईल दुकानाच्या संगणकावर आणि मेलवर राहणे, हेही रोजचेच. टाळण्याचा उपाय साधा आहे: गोपनीय कागद कार्यालयाबाहेर छापायचे नाहीत, आणि नस्ती कोणी, कधी, कशासाठी नेली याची एक वही कपाटाला बांधून ठेवायची. गोपनीय टपाल दुहेरी लिफाफ्यात पाठवावे: आतल्यावर 'गोपनीय' आणि अधिकाऱ्याचे नाव, बाहेरच्यावर फक्त पत्ता. बाहेरच्या लिफाफ्यावर लाल शाईत 'गोपनीय' लिहिले की वाटेतला प्रत्येक जण तो उलटून पाहतो.

कर्मचाऱ्याने स्वतःसाठी काय करावे

स्वतःची नोंद पाहणे हा तुमचा हक्क आहे. तिथे गोपनीयता आड येत नाही. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत जवळ ठेवा, दरवर्षी मूळ पुस्तक पाहून सही करा, आणि सही करण्याआधी जन्मतारीख, वेतनवाढ, अर्जित रजेचा शिल्लक हिशेब आणि नामनिर्देशन ताडून पाहा. निवृत्तीच्या सहा महिने आधी सापडलेली चूक पेन्शन अडवते.

गोपनीय अहवालातली नोंद तुम्हाला कळवलीच पाहिजे. देव दत्त प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले आणि सुखदेव सिंग प्रकरणात (२०१३) तीन न्यायमूर्तींच्या पीठाने कायम केले: नुसते प्रतिकूल शेरेच नव्हेत, प्रत्येक नोंद. विभागीय चौकशीत ज्या कागदांवर आरोप उभा आहे त्यांच्या प्रती लेखी मागा. चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल शिक्षेआधी मिळायला हवा, हे करुणाकर प्रकरणापासून (१९९३) पक्के आहे.

कलम ११ ची नोटीस आली तर 'माझी हरकत आहे' असे एका ओळीत लिहून मोकळे होऊ नका. कोणते पान, त्यातली कोणती ओळ, उघड झाल्यास कोणती हानी, आणि तो भाग झाकून बाकी द्यायला हरकत नाही, असे लिहिलेले म्हणणे जन माहिती अधिकाऱ्याला वापरता येते. सरसकट विरोध बाजूला सारला जातो आणि त्याबरोबर तुमचा पत्ताही बाहेर जाऊ शकतो.

आणि अर्ज करणाऱ्याने

महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंत असावा लागतो. शुल्क १० रुपये. माणसाची नस्ती मागण्यापेक्षा निर्णय मागा. तुम्ही पोलिसाविरुद्ध तक्रार दिली असेल, तर 'अमुक हवालदाराचा सेवापट द्या' याला नकार मिळण्याची शक्यता मोठी. 'माझ्या दि. … च्या तक्रारीवर झालेली कार्यवाही, चौकशीचा निष्कर्ष आणि त्यावरील निर्णयाची कारणे' ही मागणी जास्त भक्कम आहे, कारण कलम ४(१)(घ) प्रमाणे बाधित व्यक्तीला प्रशासकीय निर्णयाची कारणे देणे प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. ठाण्यातले एकूण चित्र हवे असेल तर नावे सोडून आकडे मागा: अमुक वर्षात किती प्राथमिक चौकश्या, किती विभागीय, शिक्षा कोणत्या प्रकारच्या आणि किती. आकड्यांना 'ञ' लागत नाही.

जनहिताचे कारण सांगण्याची सक्ती नाही, पण कठीण गठ्ठ्यातला कागद मागत असाल तर दोन ओळींत ते लिहावेच. तोल पाहणाऱ्याला पारड्यात टाकायला काहीतरी मिळते. नकार आला तर ३० दिवसांत पहिले अपील, शुल्क २० रुपये, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरे. उत्तरात खंड न लिहिता फक्त 'गोपनीय असल्याने' असे असेल, तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच करावा: माहितीच्या अधिकारात 'गोपनीय' नावाचा कोणताही खंड नाही.